लिफ्ट पाचव्या मजल्यावर अडकली आहे: विद्यार्थ्यांच्या थरारपटाचं एडिटिंग, चित्र आणि आवाज

कॉलेजच्या लघुपटाचं शूटिंग रविवारी आटपतं आणि सबमिशन पुढच्या सोमवारी असतं. मधल्या आठवड्यात, वर्गात ज्याच्याकडे बरा लॅपटॉप आहे तो आपोआप एडिटर होतो. हा लेख त्याच्यासाठी किंवा तिच्यासाठी आहे. थरारपटात एडिटरसमोरचा मुख्य प्रश्न एकच असतो: कोणती गोष्ट प्रेक्षकाला कधी कळू द्यायची? खिशात पैसे नसताना हे काम चित्रापेक्षा आवाज जास्त स्वस्तात करतो. म्हणून इथे आवाजाला जागा जास्त आहे, आणि ‘आधी चित्र कापू, आवाज शेवटी बसवू’ हा बेत पहिल्याच दिवशी सोडून द्यायचा आहे.

लेखभर एकच उदाहरण धरू. दादरच्या हिंदू कॉलनीतली जुनी पाच मजली इमारत. जाळीच्या दरवाजाची लिफ्ट, आणि दार नीट लागलं नाही की ‘कृपया दरवाजा बंद करा’ असं विनवत राहणारा तो ओळखीचा रेकॉर्ड केलेला आवाज. रात्री साडेअकराला एक मुलगी घरी येते. लिफ्ट खाली येत नाही, वरून विनवणी ऐकू येते आहे. ती जिना चढायला लागते. पाचव्या मजल्यावर तिच्याखेरीज कोणी राहत नाही. सात मिनिटांचा लघुपट, दोन कलाकार, एक जिना.

कार्ड, डिस्क आणि फ्रेम रेट

शूटवरून आलेलं कार्ड दोन वेगवेगळ्या डिस्कवर उतरवा, दोन्हीकडच्या फाइली उघडून बघा आणि मगच कार्ड फॉरमॅट करायला द्या. तिसरी प्रत दुसऱ्या कोणाच्या तरी घरी राहू दे. डिस्क नवी घ्यायची असेल तर लॅमिंग्टन रोडला, म्हणजे पाटीवरच्या डॉ. भडकमकर मार्गाला, तीन-चार दुकानांत भाव विचारा आणि पक्कं बिल मागा. डिस्क एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केलेली असली की विंडोज आणि मॅक दोन्हींवर चालते. जुन्या फॅट३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि हे नेमकं रात्री दोन वाजता कळतं.

सॉफ्टवेअरवर वाद घालू नका. लॅबमध्ये प्रीमियर असेल तर प्रीमियर, नसेल तर डाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती. तिच्यात चित्र, रंग आणि आवाज तिन्हींची सोय एकाच ठिकाणी आहे आणि लघुपटाला ती पुरून उरते. मशीन अडखळत असेल तर मूळ फाइलींच्या हलक्या प्रॉक्सी बनवून त्यांवर काम करा. एक्स्पोर्ट करताना सॉफ्टवेअर मूळ फाइल घेतं.

पहिली क्लिप टाइमलाइनवर (जिथे क्लिप ओळीने लावतात) टाकण्याआधी फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं, ते ठरवा. नंतर तो बदलणं त्रासाचं होतं. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. त्यामुळे २५ फ्रेम आणि १/५० शटरवर शूट केलं की ट्यूबलाइट लुकलुकत नाही. फोन मात्र बहुतेक वेळा न सांगता ३० फ्रेमवर असतो, शिवाय त्याचा वेग बदलता असतो: कधी २९, कधी ३०. अशी फाइल थेट टाइमलाइनवर टाकली तर सुरुवातीला ओठ जुळतात आणि तीन मिनिटांनी सुटतात. फोनवरच्या सगळ्या क्लिप आधी शटर एन्कोडर किंवा हँडब्रेकसारख्या मोफत प्रोग्रॅममधून एकाच स्थिर फ्रेम रेटवर काढून घ्या. आवाजाचा सॅम्पल रेट सगळीकडे ४८ किलोहर्ट्झ ठेवा.

सिंक

आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर घेतला असेल तर सॉफ्टवेअर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) पाहून बहुतेक क्लिप स्वतः जुळवतं. तरी प्रत्येक क्लिपचा क्लॅप (टेकच्या सुरुवातीची पाटीची टाळी) डोळ्यांनी तपासा. कॅमेऱ्याच्या माईकवरचा आवाज आणि बूमचा (काठीला लावलेल्या माईकचा) आवाज यांत फरक येऊ शकतो, कारण आवाज सेकंदाला साधारण ३४५ मीटर जातो. २५ फ्रेमच्या हिशेबात एक फ्रेम म्हणजे जवळपास १४ मीटर. रस्त्याच्या पलीकडून टेली लेन्सने घेतलेल्या शॉटमध्ये एक-दोन फ्रेमचा फरक सहज पडतो. लांब टेक असेल तर शेवटचा शब्दही जुळतो का बघा.

कॅमेऱ्याचा मूळ आवाज डिलीट करू नका, बंद करून ठेवा. बूमवर कुत्रा भुंकला आणि कॅमेऱ्यावर नाही, असंही होतं.

रशेस पाहताना काय शोधायचं

सगळे रशेस (शूटवरून आलेल्या कच्च्या क्लिप) एकदा अखंड बघा, दिग्दर्शक शेजारी नसताना. त्याला शूटच्या दिवशीचे कष्ट आठवतात. प्रेक्षकाला ते माहीत नसतात. चांगल्या टेकला खूण करा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ‘अॅक्शन’ म्हणण्याच्या आधीचे आणि ‘कट’च्या नंतरचे काही सेकंद ऐका आणि पाहा. आपण कॅमेऱ्यात आहोत हे विसरून नटी जिन्याच्या वर बघते, ओठ चावते, किल्ल्या चाचपते. थरारपटाला लागणारी निम्मी नजर इथेच सापडते. अशा तुकड्यांसाठी वेगळा बिन (सॉफ्टवेअरमधला फोल्डर) करा.

रफ कट: कोणाला काय माहीत आहे

टाइमलाइनला हात लावण्याआधी एक कागद घ्या आणि तीन रकाने आखा: दृश्य, तिला काय माहीत, प्रेक्षकाला काय माहीत. सात मिनिटांच्या गोष्टीला दहा-बारा ओळी होतील. या कागदावर भांडणं मिटवणं सोपं जातं. टाइमलाइनवर तीच भांडणं रात्रभर चालतात.

आता आपली लिफ्ट. तेच शॉट तीन तऱ्हांनी लावून बघा.

पहिली तऱ्हा: मुलगी येते, विनवणी ऐकते, चढते, वर पोचते, लिफ्ट उघडी आणि रिकामी. प्रेक्षकाला तिच्याइतकंच माहीत. शेवटी दचकायला होतं, पण मधले चार मजले नुसतेच चढावे लागतात आणि प्रेक्षकही तिच्याबरोबर थकतो. या तऱ्हेत जिना कापून छोटाच करावा लागेल.

दुसरी तऱ्हा: सगळ्यात आधी पाचवा मजला. एक पाय चपलेसकट दारात अडकवलेला, म्हणजे लिफ्ट मुद्दाम थोपवलेली. चेहरा नाही. मग खाली ती, कानात इयरफोन. आता प्रेक्षकाला तिच्याहून जास्त माहीत आहे, आणि प्रत्येक मजला लांबवता येतो. दुसऱ्या मजल्यावर शेजारीण दुधासाठी पिशवी बाहेर अडकवायला दार उघडते, दोन वाक्यं बोलते, दार लावून घेते. एरवी कापून टाकला असता असा हा प्रसंग आता सगळ्यात ताणलेला होतो, कारण थांबायची ही शेवटची संधी होती हे आपल्याला माहीत आहे आणि तिला नाही.

तिसरी तऱ्हा फक्त आवाजाची. ती खालून ओरडते, “अहो, लिफ्टचा दरवाजा लावा!” विनवणी चालूच. पुन्हा ओरडते. जाळी सरकल्याचा, दार लागल्याचा आवाज येतो. विनवणी थांबते. आणि लिफ्ट खाली येत नाही. या दृश्याला वरच्या मजल्याचा एकही शॉट लागत नाही. नवख्यांनी आधी हीच तऱ्हा करून बघावी असं माझं मत आहे. पडद्यावर नसलेला माणूस नीट ऐकू आला, तर त्याला दाखवायचा नट, मेकअप आणि लाइटचा खर्च वाचतो.

म्हणूनच रफ कटलाच (पहिल्या कच्च्या जोडणीलाच) आवाजाचे दोन-तीन तुकडे टाका, कच्चे का असेनात: विनवणी, पावलं, जाळी. त्यांच्याशिवाय शॉट किती लांब ठेवायचा हे ठरवताच येत नाही. संगीत मात्र अजिबात नको. संगीत लावलं की ढिला शॉटही बरा वाटतो आणि तो ढिला आहे हे महिन्याने कळतं.

शॉट किती लांब

भीती दाखवायची म्हणजे भराभर कट मारायचे, असं बऱ्याच जणांना वाटतं. भराभर कट पाठलागाला ठीक. भीतीला वेळ लागतो. रात्रीची अंधारी फ्रेम डोळ्यांना वाचायलाच जास्त वेळ घेते. दिवसाच्या शॉटला दोन सेकंद पुरत असतील तर तशाच अंधाऱ्या शॉटला चार ठेवून बघा. विनवणी थांबल्यानंतरचा तिचा चेहरा तर नको इतका लांब ठेवा, मग तिथून फ्रेम-फ्रेम कमी करत या. उलट दिशेने, म्हणजे छोट्यापासून वाढवत गेलात, तर हात आखडतो.

संवाद संपला की कट, ही सवय मोडा. ऐकणाऱ्यावर आधी जा. बोलणाऱ्याचं वाक्य पुढच्या शॉटवर सांडू दे, तो एल-कट. पुढच्या जागेचा आवाज आधीच सुरू होऊ दे, तो जे-कट. आपल्या लघुपटात पहिलंच संक्रमण जे-कटने होऊ शकतं: ती अजून रस्त्यावर रिक्षाचे पैसे देते आहे (थांबा, दादरला रिक्षा नसते, टॅक्सीचे) आणि लिफ्टची विनवणी हळूच सुरू झाली आहे. तुमच्या पटकथेत रिक्षा असेल तर लोकेशन वांद्र्याच्या पलीकडे न्या. मुंबईचा प्रेक्षक अशा चुकीवर अडकतो आणि पुढची तीस सेकंदं त्याला भीती वाटत नाही.

जिन्याचा एक खास त्रास आहे. आपले जिने प्रत्येक मजल्याला अर्ध्यावर वळतात. ती पहिल्या टप्प्यात डावीकडून उजवीकडे चढते, वळणानंतर उजवीकडून डावीकडे. वेळ वाचवायला मधलं वळण कापलंत तर ती परत फिरून उतरायला लागली असं वाटतं. मध्ये कठड्यावरचा हात, समोरून येणारा चेहरा किंवा जिन्याच्या पोकळीतून वर पाहणारा शॉट टाका. दिशेचा गोंधळ मिटतो.

कट जमला असं वाटलं की गोष्ट माहीत नसलेल्या दोघा-तिघांना दाखवा. ‘कसं वाटलं?’ विचारू नका, सगळे ‘भारी’ म्हणतात. ‘काय झालं ते सांग’ म्हणा. वर कोण होतं, तिने दार का उघडलं, शेवटी किल्ली कोणाकडे होती, यांपैकी जे त्यांना सांगता येत नाही तिथे कट चुकला आहे. फोनकडे कधी पाहिलं तेही गुपचूप टिपून ठेवा.

मग पिक्चर लॉक करा, म्हणजे चित्राचा कट इथे पक्का. लॉक म्हणजे लॉक. टाइमलाइनची प्रत काढा, नावात तारीख घाला. ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘खरंच_फायनल’ अशी नावं ठेवणाऱ्यांच्या हातून एक दिवस चुकीची फाइल जातेच. आवाज दुसरी व्यक्ती करणार असेल तर लॉकनंतर एक फ्रेमही हलवायची नाही, कारण तिचे पन्नास ट्रॅक तेवढेच सरकतात.

आवाज: आधी संवाद

ट्रॅक वेगळे ठेवा: संवाद, शूटवरचे कामाचे आवाज, फोली (पावलांसारखे नंतर मुद्दाम घेतलेले आवाज), इफेक्ट, अॅम्बियन्स (आसपासच्या जागेचा आवाज), संगीत. प्रत्येकाला रंग द्या.

संवादात बूमचा टेक आधी ऐका, कॉलर माईकचा नंतर. कॉलर माईक स्वच्छ असतो पण माणूस कानात बोलल्यासारखा वाटतो. लांबच्या शॉटला तो खटकतो. एका दृश्यात शक्यतो एकच माईक धरा. वाक्यांच्या मधल्या जागा पूर्ण बंद करू नका, तिथे त्याच खोलीचा रूम टोन भरा आणि प्रत्येक जोडावर दोन-चार फ्रेमचा क्रॉसफेड (एक आवाज विरताना दुसरा उमटणं) द्या. रूम टोन म्हणजे शूटच्या जागी सगळ्यांनी गप्प राहून घेतलेला निदान तीस सेकंदांचा आवाज. घेतला नसेल तर टेकच्या सुरुवातीचे शांत तुकडे जोडून बनवा.

८० ते १०० हर्ट्झच्या खालचं कापून टाका, रहदारीची घरघर बरीच उतरते. विजेच्या गुणगुणीसाठी ५०, १०० आणि १५० हर्ट्झवर अरुंद खाच मारा, म्हणजे तेवढीच पट्टी कापा. नॉइज रिडक्शन थोडंच वापरा. जास्त वापरलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि थोडा उरलेला गोंगाट नंतर अॅम्बियन्सखाली झाकला जातो. पंख्याची घरघर सगळ्या टेकमध्ये असेल तर सरळ चित्रात कुठेतरी पंखा दाखवा. दिसणारा पंखा कोणालाच टोचत नाही.

डबिंग करावंच लागलं तर कपड्यांच्या कपाटासमोर, मागे गादी उभी करून, शक्यतो शूटवरच्याच माईकने करा. जिना चढतानाचं वाक्य असेल तर नटीला खरोखर दोन मजले पळवून आणा. धापेचा अभिनय माईक ओळखतो.

मुंबईचा रात्रीचा आवाज

इथे जरा रेंगाळतो, कारण विद्यार्थ्यांचे बहुतेक थरारपट इथेच फसतात. इंटरनेटवरच्या लायब्रऱ्यांत ‘ट्रेन’ शोधलं की परदेशातल्या डिझेल इंजिनाचा भोंगा मिळतो. आपली लोकल विजेवर चालते. नव्या रेकची सुटतानाची चढत जाणारी शीळ अख्ख्या शहराच्या कानात आहे. तो भोंगा ऐकला की दादरचं घर क्षणात दुसऱ्या खंडात जाऊन पडतं. म्हणून आवाज स्वतः घ्या. चांगला रेकॉर्डर नसेल तर फोनवर, पण फोन हातात न धरता कशावर तरी टेकवून.

वेळ आणि ऋतूही तपासा. लोकल साधारण रात्री एकपासून पहाटे चारपर्यंत बंद असतात. दृश्य अडीच वाजताचं असेल तर लोकल नको. लांबून एखादी मालगाडी किंवा मेल गेलेली चालेल. लाउडस्पीकरला साधारणपणे रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे, काही ठरावीक सणाचे दिवस सोडून. त्यामुळे साडेअकराच्या दृश्यात मांडवातलं गाणं ऐकू येत असेल तर गोष्ट सणात घडते, हे सांगावं लागेल. कोकीळ उन्हाळ्यात आणि पावसाच्या तोंडावर ओरडते, डिसेंबरच्या पहाटे नाही. पावसाळ्याची गोष्ट असेल तर नुसता ‘रेन’ पुरत नाही: गॅलरीवरच्या पत्र्याचा पाऊस वेगळा, निळ्या ताडपत्रीवरचा वेगळा, जिन्याच्या खिडकीतून येणारा वेगळा.

आणि दिवे जाणं. ‘अचानक लाइट जाते’ ही थरारपटाची आवडती युक्ती, पण मुंबईत लोडशेडिंग नसल्यात जमा. १२ ऑक्टोबर २०२० ला शहराची वीज गेली तेव्हा ती दिवसभराची बातमी झाली. म्हणजे फक्त आपल्याच मजल्यावर अंधार झाला तर मुंबईकराच्या मनात पहिला प्रश्न येतो, मेन स्विच कोणी पाडला? ही भीती तुम्हाला फुकट मिळते आहे. एमसीबीचा (मीटरजवळच्या स्विचचा) ‘खट’ आवाज अंधाराच्या आठ-दहा फ्रेम आधी, जिन्याच्या बाजूने येऊ द्या. समोरच्या इमारतीच्या टीव्हीचा आवाज चालूच ठेवा.

शांततेचंही असंच. सगळे ट्रॅक बंद केले की शांतता होत नाही, स्पीकर बिघडल्यासारखं वाटतं. थर एकेक करून काढा. खाली रस्ता, पंखा, फ्रिज, टीव्ही आणि विनवणी आहे. दुसऱ्या मजल्यावर रस्ता मंद झाला. तिसऱ्यावर टीव्ही मागे पडला. मग विनवणी थांबली. आता उरलेली पावलं अचानक मोठी वाटतील, तुम्ही त्यांचा आवाज वाढवला नसला तरीही.

विनवणीचं अंतर कसं दाखवायचं? सोसायटीच्या सेक्रेटरींची परवानगी काढून, लिफ्टचं दार उघडं ठेवून, तळमजला, तिसरा आणि पाचवा अशा तीन ठिकाणांहून ती रेकॉर्ड करा. ते जमलं नाही तर एकाच रेकॉर्डिंगवर फिल्टर लावा: तळमजल्याला साधारण १५०० हर्ट्झच्या वरचं कापा आणि प्रतिध्वनी भरपूर ठेवा, तिसऱ्याला ४००० पर्यंत उघडा, पाचव्याला पूर्ण उघडून प्रतिध्वनी जवळपास काढा. मजल्याच्या आकड्याचा एकही शॉट न घेता ती किती वर आली ते कळतं. विनवणी ठरावीक अंतराने येते, त्याचाही फायदा घ्या. प्रेक्षकाला तो ठेका पाठ होतो. एकदा तो चुकवा.

फोली

पावलं, किल्ल्या, कडी, नाइट लॅच, पर्सची चेन, जाळीचा दरवाजा. चित्र समोर चालू ठेवून हे परत रेकॉर्ड करायचे. शहाबादी फरशीवरची रबरी स्लीपर आणि मोझॅकवरची टाचेची चप्पल यांत ऐकताना खूप फरक आहे, तेव्हा फरशी खरी शोधा; चपला नटीच्याच मागून आणा. रात्री उशिरा, पंखा आणि फ्रिज बंद करून घ्या. फ्रिज परत चालू करायला विसरू नये म्हणून साउंडवाले घराची किंवा गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात. युक्ती चांगली आहे. आईची बोलणी वाचतात.

सगळ्याची फोली करू नका. तिच्या आठ पावलांना आवाज दिलात आणि वरच्या माणसाच्या फक्त एका पावलाला, तर ते एक पाऊल लक्षात राहील.

संगीत

कमी. आणि शेवटी. सुरुवातीपासून अखेरपर्यंत घुमणारा ड्रोन, म्हणजे एकच लांब स्वर, लावला तर कशाचीच भीती वाटत नाही, कारण तो बदलतच नाही. एखादा खालचा स्वर पाचव्या मजल्याच्या आधी सुरू करा, आणि खरी गोष्ट घडते तिथे काढून घ्या. ओळखीतल्या कोणाकडे हार्मोनियम असेल तर स्वर न दाबता नुसता भाता हलवून श्वासासारखा आवाज घ्या आणि त्याचा वेग निम्मा करा. ‘ढँण्ण’ करून दचकवणारा फटका सात मिनिटांत एकदाच परवडतो.

हक्कांचं आधीच बघा. शेजारच्या रेडिओवर चित्रपटातलं गाणं लावलंत तर त्याची परवानगी लागते, मागे कितीही हळू वाजत असलं तरी. यूट्यूबची यंत्रणा ते ओळखते आणि महोत्सवांच्या अर्जात हक्कांबद्दल लेखी द्यावं लागतं. जुनं म्हणून मोकळं, असंही धरू नका: आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. फ्रीसाउंडसारख्या ठिकाणचे आवाज घेताना प्रत्येकाचा परवाना बघा. काहींना श्रेयनामावलीत नाव द्यावं लागतं, काही व्यावसायिक कामाला चालत नाहीत. कोणता आवाज कुठून घेतला याची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

मिक्स

ऐकण्याचा व्हॉल्यूम एकदा ठरवा आणि त्याला हात लावू नका. संवादांची उंच टोकं उणे १२ डीबीच्या (मीटरवरच्या डेसिबलच्या) आसपास ठेवून सुरुवात करा, बाकी सगळं त्यांच्या हिशेबाने. धक्का मोठा वाटायला हवा असेल तर धक्क्याचा आवाज वाढवण्याआधी त्याच्या आधीची वीस सेकंदं खाली आणा. वेबसाठीची फाइल उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाच्या सरासरी मोठेपणाचं माप) आसपास आणि टोक उणे १ डीबीच्या आत ठेवा.

मग वेगवेगळ्या ठिकाणी ऐका: हेडफोन, लॅपटॉप, फोन. ४० हर्ट्झची धडधड हेडफोनवर पोटात जाते आणि फोनवर तिचा पत्ताच नसतो. फोनवर बघणारे जास्त असतील तर तिच्याबरोबर १५०-२०० हर्ट्झचा थर जोडा. कॉलेजचा हॉल आधीच घुमतो, तिथे तुमचा प्रतिध्वनी दुप्पट होतो. हॉलसाठीच्या मिक्समध्ये तो थोडा कमी करा.

रंग, सबटायटल, एक्स्पोर्ट

रंगाबद्दल थोडक्यात: रात्र म्हणजे निळा रंग नव्हे, आणि तुमच्या लॅपटॉपवर जेमतेम दिसणारा अंधार प्रोजेक्टरवर राखाडी चिखल होतो. तिचे डोळे आणि किल्ली दिसत राहिली पाहिजे.

सबटायटल दोन ओळींपेक्षा जास्त नको. थरारपटात आणखी एक पथ्य आहे. प्रेक्षक वाक्य ऐकून संपण्याआधी वाचून संपवतो, म्हणजे गुपित आधीच फुटतं. “किल्ली... माझ्याकडे नाहीये” हे वाक्य दोन तुकड्यांत दाखवा, दुसरा तुकडा ती तो उच्चारते त्याच फ्रेमवर.

एक्स्पोर्टचं: वेबसाठी एच.२६४, जपून ठेवायला प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरमधला मास्टर. संवाद, इफेक्ट आणि संगीत यांचे तीन वेगळे मिक्सही काढून ठेवा. उद्या एखाद्या महोत्सवाने संगीतावर आक्षेप घेतला तर फक्त तेवढंच बदलता येतं. चित्रगृहात दाखवणार असतील तर डीसीपी (चित्रगृहाच्या प्रोजेक्टरसाठीची प्रत) मागतात. ती डीसीपी-ओ-मॅटिक या मोफत प्रोग्रॅमने घरी बनते, फक्त २४ फ्रेमची सगळीकडे चालते हे ध्यानात ठेवा. तुमची फिल्म २५ ची असेल तर २४ वर नेताना ती चार टक्के मंद होते आणि लांबी वाढते. त्या बदललेल्या प्रतीचा आवाज पुन्हा पूर्ण ऐकून घ्या.

प्रोजेक्शनच्या आदल्या दिवशी हॉलमध्ये जाऊन पहिलं मिनिट आणि सगळ्यात मोठा आवाज असलेलं मिनिट लावून बघा. डावा-उजवा स्पीकर दोन्ही चालू आहेत का, संवाद मागच्या रांगेत पोचतो का, फाइल अडकते का. पेन ड्राइव्ह दोन न्या, दोघांच्या वेगवेगळ्या बॅगांत.